पुढच्या गोलाला मेंढा

माइकवर नाव गोल करणारीचं घेतात. गोल अडवणारीला फार तर "हां, बराबर" एवढं मिळतं, आणि एखादा नाही अडला तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. आष्टीच्या आमच्या कॉलेजच्या टीममध्ये मी तीन वर्षं मागे खेळले, डिफेन्सला, त्यामुळे हे ऐकीव नाही. कौतुकाचे हात पुढच्यांच्या पाठीवर आणि काळेनिळे डाग आमच्या नडगीवर, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती.

पुढची म्हणजे इंद्रायणी. तिचं पळणं बघायला मैदानाबाहेरचे चहावालेसुद्धा किटली खाली ठेवत. बॉल पायाशी आला की ती इकडेतिकडे बघायची नाही, कुणाला पास द्यायची नाही, नाकासमोर सुटायची. गेला तर गोल, नाही गेला तर बॉल परत आमच्या अंगावर. खरी मेख इथेच होती. ती सुटली की तिच्या नादाने मधल्या पोरीही सुटायच्या. बॉल हातचा गेला की त्या सगळ्या तिकडे अडकलेल्या, आणि इकडे मागे आम्ही तिघी, गोलमध्ये छकुली. गुडघ्यावर हात टेकून एक श्वास घ्यावा तर समोरून पाचजणी आलेल्या. बाकीच्या टीम बॉल आपसात फिरवतात, तेवढ्यात त्यांच्या मागच्यांचा घाम वाळतो. आमचा कधी वाळायचाच नाही. तव्यावरची भाकरी फुगायच्या आत दुसरी थापून तयार, तशी आमची गत होती.

"सर, तिला जरा दमानं खेळायला सांगा ना," असं मी आमच्या क्रीडाशिक्षकांना, भागवत सरांना, कितीदा तरी म्हटलं असेल.

"जल्दी गोल, जल्दी काम खतम," सर म्हणायचे. "चार खाल्ले तर पाच करू आपून."

खाणाऱ्या आम्ही होतो, म्हणून त्यांना ते सोपं वाटे.

तर ही गोष्ट टेंभुर्णीच्या स्पर्धेची. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची वेचणी जोरात होती आणि निम्म्या पोरींच्या घरून निरोप आला होता की बॉल काय पळून जात नाही, कापूस जातो. अकराजणी कशाबशा जमल्या. बाकावर बदली म्हणून आमच्या पिशव्या बसल्या होत्या. तरीही आम्ही फायनलला पोचलो, आणि फायनल होती घनसावंगीच्या पोरींशी. त्या अंगाने दणकट, शांत, आणि त्यांच्या बाकावर सहाजणी ताज्यातवान्या बसलेल्या.

मंडपात पहिल्या रांगेत विद्यापीठाच्या साधना मॅडम होत्या. डोळ्यावर गॉगल, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर काही नाही. विद्यापीठाच्या टीमसाठी सरावाचं शिबिर होतं, त्यासाठी त्या स्पर्धेतून पोरी निवडणार होत्या. एका कॉलेजातून एकच. ती एक कोण, हे आमच्यात सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. इंद्रायणीचं हे शेवटचं वर्ष होतं. तिचे वडील पुंजारामकाका मेंढरं घेऊन हिवाळ्यात गोदाकाठाने फिरतात. भाऊ वाळूजला कंपनीत लागलेला, त्यामुळे परीक्षा झाली की मेंढरांपुढे कोण चालणार, तर ही. पण काका तिला एक शब्द देऊन बसले होते. "विद्यापीठाची निवड आण. मंग मी सोता तुला बी.पी.एड.ला नेऊन घालतो. मेंढरांचं मी पाहीन." काकांचा शब्द म्हणजे शब्द. आणि निवड नाही झाली तर तोही शब्दच.

खोटं कशाला बोलू, ती निवड मलाही हवी होती. पण डिफेन्सवाल्या पोरीने असलं काही मनात आणायचं म्हणजे करवलीने बोहल्यावर डोळा ठेवण्यातला प्रकार. मी ते मनातच ठेवलं होतं.

टेंभुर्णीत एक रीत आहे. कुस्तीच्या फडात जशी बक्षिसं पुकारतात, तशी तिथे फुटबॉललाही पुकारतात. मंडप डेकोरेशनचा धंदा असलेले रामप्रसादभाऊ माइक सोडत नाहीत, माइक त्यांचाच असतो. पहिल्या गोलाला स्टीलचा डबा पुकारला, तो इंद्रायणीने घेतला. दुसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ, तेही तिनेच. पब्लिक पिसाळलं. "आष्टीची वाघीण" वगैरे सुरू झालं. वाघिणीने दोन गोल करायला जेवढ्या वेळा चाल केली, त्याच्या तिप्पट वेळा घनसावंगीचा बॉल आमच्यावर आला होता, ते माइकवर कोण सांगणार? माझ्या डावीकडच्या अक्षताच्या नाकातून रक्त येऊन गेलं होतं. उजवीकडची बेबीनंदा बरगडीखाली हात दाबून पळत होती. छकुलीचं एक बोट सुजून भेंडीएवढं झालं होतं, आणि तिला मुळातच बॉलची भीती वाटायची, ती गोलकीपर का झाली हे देवाला ठाऊक.

मध्यंतरात आम्ही दोन-शून्यने पुढे होतो आणि मी गवतावर आडवी होते.

"सर," मी म्हटलं, "आता दोनची लीड हाये. बॉल जरा आपसात फिरवू द्या. आमच्यात दमच राह्यला न्हाई."

सरांनी मंडपाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पिराजली, मॅडम तिला बघायला आल्यात. आता हळू खेळ म्हणू तिला? मी म्हणायचो न्हाई. तुला म्हणायचं तर म्हण."

सर माझं नाव असंच घेतात. माझं नाव प्रांजली आहे. पण ते त्यांनी खरंच माझ्यावर सोडून दिलं.

इंद्रायणी नळापाशी मान खाली घालून डोक्यावर पाणी घेत होती. मी लंगडत तिच्याकडे गेले. मला काय म्हणायचं ते तिला कळलं असणार, कारण मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"प्रांजे, मी शाळेत जायच्या आधीपासून मेंढरांपुढं चालून राह्यले. पुढच्यानं पळायचं नसतं तिथं. पुढचा पळाला की मेंढरं पळतेत, अन् कोकरं मागं राह्यतेत, पार तुटून जातेत. हळू चाल, हळू चाल, जल्मभर हेच ऐकलं. इथं यीस्तोवर मला म्हाईतच नव्हतं मला पळता येतं म्हून." तिने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. "आजचा दिस मला पळू दे. मंग चालायचंच हाये."

माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि मला तिचा रागही आला होता, कारण तिचं म्हणणं खरं होतं आणि माझंही.

"पळ," मी म्हटलं. "मागचं बघते मी."

बघते म्हणणं सोपं असतं. शिट्टी झाल्यावर घनसावंगीच्या बाईंनी चार ताज्या पोरी आत घातल्या, आणि चारही जणी माझ्या बाजूला. त्यांना कळलं होतं की इंद्रायणीला थांबवायची गरजच नाही. ती जेवढी जोरात जाईल तेवढा बॉल लवकर परत येणार होता. तिने मारला, बाहेर गेला. त्यांनी उचलून आमच्याकडे टाकला. मी डोक्याने काढला. तो मधे इंद्रायणीला मिळाला, ती सुटली, मधल्या पोरी सुटल्या, त्यांच्या गोलकीपरने अडवला, परत आमच्यावर. मी पायाने काढला. परत ती, परत त्या, परत आम्ही. पाणी मागायलाही वेळ नव्हता. एकदा मी आणि अक्षता दोघी एकाच पोरीवर गेलो, दुसरी मोकळी राहिली, आणि गोल झाला. दोन-एक.

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पाय आता माझं ऐकत नव्हते. हरलो तर हरणाऱ्या टीमची फॉरवर्ड कोण घेणार, हे मला कळत होतं. म्हणजे मी मागे फुटले तर पुढे इंद्रायणीची निवड फुटणार होती. आणि मी फुटत होते ती तिच्याच पायांमुळे. हे कुणाला सांगावं तर सांगायला श्वास नव्हता.

खेळ संपायला दहाएक मिनिटं उरली होती, आणि नेमकं तेव्हाच रामप्रसादभाऊंना सुचलं.

"लक्ष द्या, लक्ष द्या. आमच्या घरचा, दोन वर्षांचा, पाळलेला मेंढा. जी कोणी पोरगी पुढचा गोल करील, मंग ती आष्टीची आसो का घनसावंगीची, मेंढा तिचा."

आणि खरोखरच एक माणूस गळ्यात झेंडूची माळ घातलेला काळा मेंढा घेऊन आला आणि घनसावंगीच्या गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, झेंड्यापासून चार पावलांवर, त्याने तो खुंटीला बांधला. पब्लिक उभं राहिलं. जणू मैदानात कुणी मिरचीची धुरी दिली. दोन्हीकडच्या पोरी गोल करायला धावल्या. आमच्या मधल्या पोरी, ज्यांनी जन्मात गोल केला नव्हता, त्याही, आणि अक्षताही. एवढा मोठा मेंढा बघून त्यांचंही काय चुकलं म्हणा. पण मागे आता माणूस राहिलं नाही.

त्यानंतरचा खेळ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. छकुलीने डोळे मिटून उडी मारली आणि बॉल तिच्या खांद्याला लागून बाहेर गेला. बेबीनंदा गोलच्या खांबाला धरून उभी होती. सर ओरडत होते, "जल्दी, जल्दी." मग घनसावंगीची एक उंच पोर बाजूने आली, तिने बॉल आत टाकला, आणि मी कशी आडवी पडले माहीत नाही, पण बॉल माझ्या नडगीवर आपटून उंच उडाला आणि थेट मधे, इंद्रायणीपाशी गेला. मी उठायला गेले आणि पोटरीत गोळा आला. असा गोळा, की कुणी आतून पिळा घालावा. मी जमिनीवर हात आपटत होते. पंचांनी माझ्याकडे पाहिलं, बॉल लांब आहे हे पाहिलं आणि खेळ चालू ठेवला.

इंद्रायणी सुटली होती. तिच्यापुढे एकच डिफेन्सवाली आणि गोलकीपर. हे तिचं आवडतं चित्र. अशा जागेवरून ती कधी मारायची आणि कधी घालवायची, सांगता येत नसे. आत गेला तर तीन-एक, मेंढा, निवड, सगळं. गोलकीपरने धरला तर एका लाथेत बॉल आमच्याकडे, आणि आमच्याकडे होतं कोण? जमिनीवर मी, खांबाला बेबीनंदा आणि भेंडीएवढं बोट घेऊन छकुली. मंडपात साधना मॅडम खुर्चीत पुढे सरकून बसल्या. तेवढं मी पडल्यापडल्या पाहिलं.

आणि इंद्रायणीने पळतापळता मागे पाहिलं.

तीन वर्षांत मी तिला मागे बघताना पाहिलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. मग तिने बॉल गोलकडे न नेता आडवा कोपऱ्याकडे नेला. झेंड्यापाशी जाऊन बॉलवर पाय ठेवला, सगळ्यांकडे पाठ केली, आणि उभी राहिली. तिच्यासमोर, चार पावलांवर, तो मेंढा होता.

आधी लोकांना कळेना. मग हसू फुटलं.

"इंद्रायणीताई," माइक म्हणाला, "मेंढा नुसता बघून भेटत न्हाई, गोल करा लागतो."

"मार ना," सर किंचाळले. "काय करून राह्यली तू? आत घे, आत."

ती हलली नाही. घनसावंगीच्या दोघी मागून आल्या, तिच्या पोटऱ्यांवर, घोट्यांवर लाथा बसू लागल्या. ती पाठ वाकवून, कोपर बाहेर काढून, बॉल पायाखाली दाबून उभी. शेवटी त्यांच्या पायाला लागून बॉल बाहेर गेला. थ्रो आमचा. तिने सावकाश चालत जाऊन बॉल आणला, सावकाश पुसला, मधल्या पोरीला फेकला, तिच्याकडून परत घेतला, आणि पुन्हा तोच कोपरा. लोक आता हसत नव्हते, शिव्या देत होते. कुणीतरी रिकामी बाटली फेकली, ती मेंढ्याला लागली. जिला जन्मात एकदा पळायचं होतं, ती भर मैदानात, निवडीच्या माणसासमोर, हळू झाली होती.

तेवढ्यात छकुली धावत आली, माझ्या पायाची बोटं धरून तिने तंगडी वर रेटली, आणि गोळा सुटला. अक्षता मागे आली. मी उभी राहिले. माझा श्वास मला परत मिळाला, तेव्हा कळलं की दोन-एक म्हणजे जिंकणं असतं. त्यानंतर त्यांचा एक बॉल आला, पण आता आम्ही तिघी जागेवर होतो. मी तो काढला आणि शिट्टी झाली.

साधना मॅडमनी नावं माइकवर सांगितली नाहीत, मंडपामागे बोलावून सांगितली. सर, इंद्रायणी आणि मी गेलो. मी कॅप्टन म्हणून.

"प्रांजली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नाव बरोबर घेतलं. "पंधरा तारखेला शिबिराला हजर राहा."

मला वाटलं, त्या चुकल्या. सरांनाही वाटलं. "मॅडम, ही डिफेन्सची. इंद्रायणी ही."

"मला माहीत आहे. दोन गोल छान केले तिने. पण शेवटचा बॉल कोपऱ्यात नेला. तो तिने कसा मारला असता, हेच मला बघायचं होतं, ते दिसलं नाही. फॉरवर्ड माझ्याकडे आणखी आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यावर आज जेवढे बॉल आले, तेवढे या स्पर्धेत दुसऱ्या कुणावर आले नाहीत. एकच आत गेला. अशी पोरगी मला हवी होती. तुला काही अडचण आली तर कळव, मग तुमच्या कॉलेजातून इंद्रायणीचं नाव घेऊ."

माझ्यावर एवढे बॉल का आले, हे त्यांना कोण सांगणार? इंद्रायणी पळाली, म्हणून आले. ती पळाली म्हणून मी दिसले, आणि ती थांबली म्हणून ती दिसली नाही. मी तिच्याकडे बघू शकले नाही. मला आनंद झाला होता, आणि त्याच्यावर मला शरमेने माती टाकावीशी वाटत होती. दोन्ही एकदम होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वरून आणखी एक. रामप्रसादभाऊंकडे माळ घालून मैदानात आणलेलं जनावर परत दावणीला नेत नाहीत. गोल तर कुणी केला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि मेंढ्याची दोरी जिंकलेल्या टीमच्या कॅप्टनच्या हातात दिली. म्हणजे माझ्या. पळाली ती, निवड माझी. थांबली ती, मेंढाही माझा. लोक टाळ्या वाजवत होते.

परतीच्या जीपमध्ये मेंढा मधे उभा होता आणि आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना. इंद्रायणीचा हात सवयीने त्याच्या मानेवर होता. घोटे सुजून बूट निघत नव्हते. जालना मागे पडलं. मग मीच म्हटलं, "इंद्रे, मी न्हाई जात. मॅडमला फोन करते, अडचण हाये म्हून. तू जा."

ती मेंढ्याच्या गळ्यातली माळ सारखी करत राहिली.

"अन् हा मेंढा बी घेऊन जा. मी काय करू याचं? आमच्यात कापसाच्या ढिगावर बांधू?"

"मेंढा नेते," ती म्हणाली. "चांगला हाये. निवड मेंढा न्हाई, दोरी धरून देयाला."

"मंग काय करू मी?"

"तू मला कधी अडवलं का? तीन वर्षात, प्रॅक्टिसला, एकदा तरी?"

नव्हतं अडवलं. ती सुटली की मी अंगावर जायची आणि ती बाजूने निघून जायची, हे रोजचं होतं.

"दोन दिस दे मला, सूज उतरू दे. मंग सकाळी मैदानावर ये," ती म्हणाली. "मी बॉल घेऊन येते तुझ्या अंगावर. अडवलंस तर तू जा. न्हाई अडवता आलं तर फोन कर. पण खोटं खेळू नको. मला कळतंय."

दोन दिवसांनी गेले. मैदानावर दव होतं आणि छकुली गोलमध्ये उभी होती, कारण कुणीतरी साक्षीला पाहिजे असं इंद्रायणीचं म्हणणं. छकुलीच्या बोटाला पट्टी होती आणि ती दोघींवर चिडलेली होती.

रस्त्याने येताना मी ठरवलं होतं की जाऊ द्यायचं. पुंजारामकाकांचा शब्द, तिचं बी.पी.एड., सगळं एका पारड्यात होतं. माझ्या पारड्यात काय, तर नुसती हौस. ती मैदानाच्या मधून सुटली. घोटा थोडा ओढत होती, तरी वेग तोच. मी नेहमीसारखी अंगावर गेले, पाय अर्धाच टाकला, आणि ती बाजूने निघून गेली. बॉल जाळीत.

ती परत आली ती डोळे लाल करून. "हे काय केलंस?"

"गेलीस ना तू पुढं. संपलं."

"तू सोडलं मला." तिचा आवाज फुटत होता. "मी तिथं तुझ्यासाठी थांबले, ते काय मला कुणी भीक घालावी म्हून? मला दुसऱ्याची जागा पायजे असती तर मी कोपऱ्यात गेल्ते कशाला? पुन्हा. बराबर खेळ."

ती मधे गेली. छकुली म्हणाली, "प्रांजे, आता खरं खेळ बाई, न्हाई तर ही दुपारपस्तोर सोडायची न्हाई."

ती सुटली. आणि मला त्या कोपऱ्यातली तिची पाठ आठवली. मी अंगावर गेले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी जागा धरली आणि मागे सरकू लागले. ती डावीकडे आली, मी डावीकडे मागे. उजवीकडे वळली, मी उजवीकडे मागे. पाय टाकायचा मोह मी दाबला. गोलची वाट मात्र सोडली नाही. ती वेग वाढवायला गेली तर पुढे मी, मारायला गेली तर पुढे मी. जिला जल्दीची सवय होती, तिला मी थांबायला लावत होते. तिची पावलं जवळजवळ पडू लागली. आणखी थोडी जवळ. मग ती चालू लागली. आणि गोलपासून बऱ्याच लांब, दवावर, ती बॉलवर पाय ठेवून उभी राहिली. मी पुढे होऊन तो हळूच तिच्या पायाखालून काढून घेतला.

बराच वेळ आम्ही दोघी धापा टाकत होतो.

त्या क्षणी मी तिचा मान ठेवला की मला शिबिर हवं होतं म्हणून खेळले, असं छकुलीने मला नंतर विचारलं. दोन्ही, मी म्हटलं. तेच खरं आहे.

इंद्रायणीने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं. "शिबिरात असंच खेळ," ती म्हणाली. "अंगावर जाऊ नको कुणाच्या. पुढचीला दमव."

"आणि काका?"

"मी सांगते त्यायला. म्हणते, पोरगी चांगली होती, तिनं अडवलं मला." ती खाली बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली, पण सुजेमुळे तो पुन्हा निघेना. "दुसऱ्या कुणी अडवलं असतं ना, तर मी रडले असते."

आणि मग ती रडलीच. मी बॉल टाकून खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू तो बूट काढला.